ओट्यापुढची फरशी

स्वयंपाकघराची जमीन उखडून ठेवली त्याला आठवडा होत आला होता, आणि घरातल्या दोघी जावा त्या जमिनीपेक्षा जास्त उखडलेल्या होत्या. मोरीखालचा पाइप कधीतरी फुटला, पाणी आतल्या आत मुरत ओट्यापर्यंत गेलं आणि जुन्या फरशा पायाखाली डुगडुगायला लागल्या. मिस्त्रीने एक फरशी उचकटली तर खाली काळा चिखल. "सगळीच काढावी लागणार," तो म्हणाला. दोघींनी एकाच वेळी, पण दोन दिशांना तोंडं करून सुस्कारा सोडला. दोघींचं एकमत झाल्याचा अलीकडच्या काळातला तेवढाच प्रसंग.

तेव्हापासून शेगडी पुढच्या व्हरांड्यात आली होती. वारा आला की ज्योत आडवी व्हायची, धूळ आली की पातेल्यावर ताट झाकावं लागायचं, पण थोरलीने एकही दिवस बाहेरून डबा येऊ दिला नाही. धाकटीने एकदा तसं सुचवून पाहिलं होतं. थेट नव्हे, नवऱ्याच्या तोंडून.

"वहिनी, ती म्हणते, चार दिवस डबा लावू या का?"

"तिला सांगा भाऊजी, डबा लावायला अजून मी मेले नाही."

दिराने हे पुढे सांगायची गरज नव्हती. धाकटी तिथेच, हाताच्या अंतरावर, केस विंचरत होती. दोघींना ऐकू उत्तम यायचं. फक्त एकमेकींना उद्देशून बोलायचं नाही असा अलिखित करार होता. दीर बिचारा भिंतीतल्या खिडकीसारखा मध्ये उभा असायचा. इकडचा वारा तिकडे, तिकडचा इकडे.

आता टाइल निवडायची होती. मिस्त्रीने बजावलं होतं, "उद्या सकाळी माल दारात नसेल तर मी दुसरं काम धरतो. मग मला शोधत बसा." धाकटीला पांढरी हवी होती. पांढरीशुभ्र, चकचकीत, तोंड दिसेल अशी.

"तोंड बघायला आरसा आहे की घरात," थोरली दिराला म्हणाली. "स्वयंपाकघरात काय नटायचंय?"

"अहो, त्यांना सांगा, पांढऱ्यावर घाण दिसते म्हणूनच पांढरी हवी. काही लोकांना घाण दिसलेली नको असते."

दीर गाडीची किल्ली शोधायला निघून गेला.

भांडण रंगाचं आहे असंच घरातल्या पुरुषांना वाटत होतं. धाकटीलाही तसंच वाटत होतं. खरं काय ते एकट्या थोरलीला ठाऊक होतं, आणि तिने ताकास तूर लागू दिली नव्हती.

तिच्या पायांना जमीन कळेनाशी झाली होती.

आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग तळव्यांखाली कापसाचा थर असल्यासारखं वाटायला लागलं. एकदा तिने कुकरचं झाकण काढून खाली ठेवलं आणि विसरून त्यावरच पाय दिला. काही कळलं नाही. संध्याकाळी पाय धुताना तळव्यावर टरारलेला फोड दिसला, तेव्हा ती न्हाणीघरात कितीतरी वेळ नळ सुरू ठेवून बसली. धाकटी ज्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायच्या कामावर होती तिथे जाणं शक्यच नव्हतं. म्हणून बहिणीकडे जाते सांगून ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. त्याने तळव्याला टाचणी टोचली, दोरा फिरवला, "कळतंय?" असं पुन्हा पुन्हा विचारलं. साखरेने नसा गेल्या होत्या. तो म्हणाला, "सगळं करा, स्वयंपाक करा, चाला, फिरा. पण आजपासून अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. घरातसुद्धा. पायात सतत चप्पल हवी. तुम्हाला काही लागलं तर तुमचा पाय तुम्हाला सांगणार नाही."

बाकी सगळ्या घरात थोरली चप्पल घालू शकत होती. फक्त स्वयंपाकघरात नाही. कारण ओट्यापाशी चप्पल आणायची नाही हा नेम तिनेच घातलेला होता.

सासूबाईंच्या वेळी असलं काही नव्हतं. त्या स्वतः फटक फटक सपाता वाजवत सगळीकडे फिरायच्या. त्या गेल्या, ओटा थोरलीच्या हाती आला आणि तिने पहिलं काय केलं असेल तर उंबऱ्याबाहेर चपलांची रांग लावली. जिथे अन्न शिजतं तिथे रस्त्यावरची धूळ नको, एवढंच तिचं म्हणणं. म्हणणं वाईट नव्हतं. पण धाकटी नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला दवाखान्यात दिवसभर उभं राहायची नोकरी, टाचांना भेगा. ती घरात मऊ कापडी सपाता घालायची. दुसऱ्याच दिवशी त्या सपाता घालून ती चहा करायला आत आली.  थोरलीने सांडशी घेतली, धाकटीला पाय वर करायला लावले, एकेक सपात सांडशीत धरून अंगणात नेऊन टाकली, आणि परत येऊन ती सांडशी नवरीच्या डोळ्यांदेखत घासून घासून धुतली.

त्या दिवशी दोघींमध्ये जी भिंत उभी राहिली ती पुढे उंचच होत गेली. धाकटी पुन्हा कधी चप्पल घालून आत आली नाही. थंडीत टाचा फाटायच्या, चालताना तिचं तोंड वाकडं व्हायचं, पण यायची अनवाणी. आपला चहा आपण करायची, कप विसळून ठेवायची आणि पाहुणीसारखी निघून जायची.

आता अशा जावेसमोर थोरलीने चपला चढवून ओट्यापाशी उभं राहायचं? त्यापेक्षा फोड परवडले.

आणि खरं सांगून टाकावं, तर थोरल्यांचा, आपल्या नवऱ्याचा, स्वभाव तिला माहीत होता. माणूस हळवा. बायकोच्या पायांचं कळलं की डोळ्यांत पाणी आणून, अगदी मायेने हातातलं उलथनं काढून घेतलं असतं. "आता आराम कर." आरामाचा अर्थ थोरलीला पक्का ठाऊक होता. सासूबाईंना तिनेच आराम दिला होता. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, खुर्चीत. त्या तिथून काही सुचवायच्या आणि थोरली ऐकू न आल्यासारखं करायची. त्या खुर्चीवर बसायची तिची तयारी नव्हती.

म्हणून मार्ग एकच. नवी फरशी अशी हवी की तिच्यावर पाय घसरणार नाही, कडा लागणार नाहीत, ओली झाली तरी धरून ठेवील. खरबरीत. ती मिळाली की अनवाणी निभावून नेता येईल, असं तिने आपल्या मनाशी ठरवलं होतं. डॉक्टर असं म्हणाला नव्हता, पण डॉक्टरला तिची जाऊ कुठे माहीत होती.

दुकान लांबलचक होतं, दोन्ही बाजूंना टाइल उभ्या करून ठेवलेल्या, मधून चालायची वाट. दीर गाडी लावायला गेला तो गेलाच. या दोघींच्या मध्ये उभं राहण्यापेक्षा त्याला जागा शोधत फिरणं बरं वाटलं असणार. दुकानदार पोट सांभाळत पुढे आला. माणूस बडबड्या होता.

"या, या. काय बघताय? हॉल, बेडरूम, बाथरूम?"

"किचन," धाकटी म्हणाली. "पांढरी. ग्लॉसी."

"यांना सांगा," थोरली दुकानदाराला म्हणाली, "आम्ही अजून ठरवलेलं नाही."

दुकानदाराने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही दोघी एकत्रच आलात ना?"

"एका गाडीतून आलो," धाकटी म्हणाली.

त्याला एवढ्यावरून सगळं कळलं. असली गिऱ्हाइकं त्याला नवीन नसावीत. त्याने पोऱ्यालाही न बोलावता स्वतःच तीन मोठाले नमुने आणून जमिनीवर शेजारी शेजारी मांडले. एक पांढरी, आरशासारखी. एक करडी, मॅट. एक तपकिरी, दगडासारख्या रेघा असलेली. मग कोपऱ्यातल्या बादलीतून मगभर पाणी आणून तिन्हींवर सांडलं.

"माझ्याकडे टाइल हाताने बघायची नाही. हात फसवतो. तळव्याने बघायची. काढा चपला आणि उभ्या राहा. जी पायाला पटेल ती घरी न्या."

थोरलीने आपल्या चपलांकडे पाहिलं. तिने रंगांचे, डागांचे, दरांचे सगळे वाद घोळवून ठेवले होते. तळव्यांची परीक्षा होईल हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

धाकटीने चपला काढल्या आणि ती सरळ पांढरीवर चढली. थोरलीही मागे राहिली नाही. मागे राहिली असती तर विचारलं गेलं असतं. ती करडीवर उभी राहिली, मग तपकिरीवर, मग एक पाय पांढरीवर टेकवून पुन्हा करडीवर. तिन्ही तिला सारख्याच. जणू कुणी तिन्हींवर एकच जाड सतरंजी अंथरलेली. आता काय करायचं? तिने खाली मान घालून धाकटीच्या पायांकडे बघायला सुरुवात केली. पांढरीवर धाकटीची बोटं आखडली होती, जमीन पकडायला बघत होती. म्हणजे घसरते. तपकिरीवर गेली तेव्हाही अंगठा वळलाच. करडीवर मात्र पाय सैल, सपाट पडला. थोरलीला हायसं वाटलं. करडी तर करडी.

"करडी चांगली आहे," ती दुकानदाराला म्हणाली. "पायाला छान लागते."

"करडी?" धाकटी हसली. "घरात गॅरेज काढायचंय का? दादा, यांना विचारा, स्वयंपाकघर आहे की गाड्या धुवायची जागा?"

दुकानदार 'दादा' झाल्याने गोंधळला. पण थोरली आता रंगात आली होती. निवड हाती लागली होती, फक्त पांढरीला पाडायचं राहिलं होतं. ती बोलत बोलत त्या नमुन्यांवरून चालायला लागली. मागे एका रचलेल्या ढिगातून फुटक्या टाइलचा तुकडा वाटेत पडला होता. त्याच्यावर पाय देऊन ती पुन्हा पांढरीवर आली.

"पांढऱ्याचं कौतुक कुणाला सांगता? ज्यांना कधी फडकं मारावं लागलं नाही त्यांना. पांढऱ्यावर तेलाचा थेंब पडला, दिसला. दूध सांडलं, दिसलं. पाऊल उठलं, दिसलं. दिवसभर काय मी फडकं घेऊन रांगत फिरू? सकाळी उठून कोण पुसणार? दवाखान्यातून येऊन कोण पुसणार? एक डाग लपत नाही त्या पांढऱ्यावर, एक डाग..."

दुकानदार तिच्याकडे बघत नव्हता. खाली बघत होता. धाकटीही. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं; डोळे मात्र टोकदार झाले होते.

"बोला ना, वहिनी," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती थेट बोलत होती. "थांबलात का? डागांचं सांगत होतात."

"काय झालं?"

"खाली बघू नका. आधी सांगा, कुठल्या पायाला लागलंय?"

 लागलंय? कुठे? थोरलीने आपले दोन्ही पाय मनानेच चाचपून पाहिले. तिथून काहीच उत्तर आलं नाही. दोन्ही पाय गप्प. पण सांगायला तर हवं. आत्मविश्वासाने सांगायला हवं.

"कळलंय मला. डाव्याला जरा खरचटलंय. त्यात काय एवढं?"

मग तिने खाली पाहिलं. डावा पाय स्वच्छ होता. उजव्या पायाखालून रक्त येत होतं, आणि पांढऱ्या टाइलवर, जिकडे जिकडे ती ठासून ठासून चालली होती तिकडे, अर्ध्या अर्ध्या टाचेचे लाल ठसे उठले होते. ओल्यावर त्यांचे फुलोरे झाले होते.

"अहो बाई, बसा, बसा!" दुकानदार कापूस आणायला धावला.

धाकटीने तिला टाइलच्या खोक्यावर बसवलं आणि दुकानदाराच्या हातातून कापूस-पट्टी घेतली. तिला ते काम येत होतं. दवाखान्यात कंपाउंडर रजेवर असला की तीच करायची. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला तशी ती खाली बसली, जावेचा पाय मांडीवर घेतला आणि जखमेतून टाइलची कपची उपटली. नजर जावेच्या तोंडावर ठेवून.

"दुखतंय?"

थोरलीने नजर टाइलच्या ढिगाकडे वळवली.

"दुखणार कसं. हा दुसरा डाग भाजल्याचा आहे. हाही कळला नसेल. किती दिवस झाले?"

"तुला काय करायचंय?"

"मला काही करायचं नाही. असले पाय रोज बघते मी. काहींची बोटं जातात, काहींचा पाय जातो. तुम्ही कुठल्या डॉक्टरला दाखवलंत? बहिणीकडे म्हणून गेला होतात, तेव्हाच ना? मला तेव्हाच वाटलं, या बाईला बहिणीचा एवढा पुळका कधीपासून आला."

पट्टी ती सफाईने गुंडाळत होती. हात मऊ नव्हते, पण चुकतही नव्हते. थोरलीला वाटलं, पाय ओढून घ्यावा. पण अर्धी पट्टी बांधलेला पाय ओढून घेऊन जाणार कुठे?

"घरी दादांना माहीत आहे?"

"नाही."

"मग ऐका," धाकटी आवाज खाली आणत म्हणाली. "मी सांगितलं तर दादा आजच्या आज तुम्हाला शेगडीपासून उठवतील, गावभर सांगतील आणि वर रडतील. तुम्हाला ते नको आहे. मलाही रडारड नको. फरशी पांढरी घ्यायची. आणि काम पुरं झालं की तुम्हीच म्हणायचं, आता मला कंटाळा आलाय. स्वयंपाकाला बाई मी बघते. ओटा मी लावेन माझ्या पद्धतीने. तुम्ही पुढे खुर्चीत बसा. पायांचं मी कुणाला बोलणार नाही."

"माझ्या घरात तू मला खुर्ची देतेस?"

"तुमच्या घरात! बघा, हेच. मी या घरात इतकी वर्षं पाहुण्यासारखा चहा करून घेतेय. डबा कुठला घ्यायचा ते विचारून. फडकं कुठलं वापरायचं ते विचारून. पाय फुटले तरी अनवाणी. आता तुमच्यावर वेळ आलीय तर घर तुमचं?"

तिने पट्टीला गाठ मारली. घट्ट मारली असावी. थोरलीला ती नुसती दिसली.

समोरून दीर येत होता, किल्ली बोटात फिरवत. लांबूनच त्याने विचारलं, "ठरलं का?"

धाकटीने मान वर करून जावेकडे पाहिलं. उत्तराची तिला घाई नव्हती. सांगितलं तरी ओटा जातो, नाही सांगितलं तरी जातो. दोन्ही दारांशी तीच उभी होती.

थोरली त्या क्षणी काय विचार करत होती ते तिला पुढेही कुणाला नीट सांगता आलं नसतं. तिच्या डोळ्यांसमोर ती खुर्ची आली, सासूबाईंची खिडकीकडे वळलेली मान आली. आणि डॉक्टरचे शब्द आले, जे तिने इतके दिवस अर्धेच ऐकले होते. स्वयंपाक करा, तो म्हणाला होता. त्याने ओटा सोड म्हणून सांगितलंच नव्हतं. त्याने फक्त चप्पल घाल म्हणून सांगितलं होतं. ओट्याच्या आड त्याचा शब्द येत नव्हता, तिचा स्वतःचा नेम येत होता. आणि नेम मोडायचा तर तो हिच्यासमोरच मोडावा लागणार होता. दुसरीकडे कुठे मोडून चालणार नव्हतं.

"भाऊजी," ती मोठ्याने म्हणाली. पलीकडचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "माझे पाय बधिर झालेत. साखरेने. जमीन कळत नाही मला. आत्ता टाइलची कपची घुसली, तरी मला पत्ता नाही. डॉक्टरला दाखवलंय, औषध चालू आहे. घरी गेल्यावर तुमच्या भावाला मी सांगणारच आहे, पण तुमची बायको आधी सांगायच्या तयारीत होती, म्हणून म्हटलं तुम्ही माझ्या तोंडून ऐका."

दिराच्या बोटातली किल्ली फिरायची थांबली.

"स्वयंपाक मीच करणार. डॉक्टरने करायला सांगितलंय. फक्त चप्पल घालून करायला सांगितलंय. तर आजपासून माझ्या स्वयंपाकघरात मी चप्पल घालणार."

"एवढंच ना?" दीर म्हणाला. त्याच्या बिचाऱ्याच्या स्वरात सुटकेचा श्वास होता. "घाला की, वहिनी. चप्पल तर चप्पल. त्याच्यात काय एवढं?"

दोघी जावांनी एकदमच त्याच्याकडे असं पाहिलं की तो एक पाऊल मागे सरकला.

धाकटीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. वहिनी मरेल पण हे बोलणार नाही, याच भरवशावर तिने सगळं मांडलं होतं. "म्हणजे माझ्या पायात असली की धूळ, आणि तुमच्या पायात असली की औषध," ती म्हणाली.

"हो," थोरली म्हणाली. "तसंच समज. नाहीतर तूही घाल."

"मी?" धाकटी उठली. "मी नाही घालणार. तुम्ही दिलेली परवानगी मला नको."

थोरली एक पाय टेकवत उठून दुकानदाराकडे वळली. "ही करडी पुन्हा ओली करा. आणि बूट काढा."

"कोणी?"

"तुम्ही. मला कळत नाही, ऐकलंत ना आत्ता? आणि हिच्या पायांवर माझा भरवसा नाही. तुम्हीच म्हणालात, टाइल तळव्याने बघायची. तर बघा."

दुकानदाराने एकदा आपल्या पोटाकडे, एकदा मोज्यांकडे पाहिलं. पण विक्री व्हायची होती. त्याने बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बगळ्यासारखा एकेक पाय उचलत ओल्या करडीवर चालून दाखवलं. "जोरात," थोरली म्हणाली. तो जोरात चालला. "आता एकदम वळा." तो वळला, पोट मागाहून वळलं, पण पाय हलला नाही. दिराने तोंड फिरवलं; हसू त्याला आवरत नव्हतं. धाकटी दाराबाहेर जाऊन उभी राहिली होती.

"हीच द्या," थोरली म्हणाली.

घरी अपेक्षेप्रमाणे झालं. थोरल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी आराम हा शब्द उच्चारलाही. पण बायकोने तो पुरा होऊ दिला नाही. "चप्पल आणून द्या, पुढून बंद असलेली. दुसरं काही नको," ती म्हणाली, आणि ते लगेच उठून गेले, कारण काहीतरी आणायला जाणं हा त्यांच्या मायेला झेपणारा भाग होता.

मिस्त्रीने करडी फरशी बसवली. सांधे भरले, ओल सुकली, शेगडी आत आली. थोरली नव्या चपला घालून ओट्यापाशी उभी राहिली. पहिले काही दिवस तिला त्या चपलांचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटायचा. पायाला काही कळत नसलं तरी मनाला कळत होतं. पण तिने हातातलं उलथनं सोडलं नाही.

धाकटी अनवाणीच यायची. दवाखान्यातून आली की उंबऱ्याशी चपला काढायची, नुसत्या काढायची नाही, नीट जोडून, कडेला सरकवून ठेवायची, आणि भेगाळलेल्या टाचांनी त्या खरबरीत फरशीवरून चालत आत यायची.  

एका संध्याकाळी जेवणं वाढायची वेळ झाली होती. दीर कामावरून आला. वहिनीच आता चपला घालते म्हटल्यावर त्याची भीड चेपली होती. तो तसाच, बाहेरच्या सॅंडलसकट आत आला आणि माठाकडे वळला. थोरलीने पाहिलं. तिच्या तोंडात शब्द आला, इतक्या वर्षांच्या सवयीने आला, आणि दातांशी येऊन अडला. काय म्हणणार? कुठल्या पायांनी म्हणणार?

"अहो!" धाकटीचा आवाज खाडकन आला. "सॅंडल बाहेर! रस्त्यावरचं सगळं घेऊन इथे येता? अन्न शिजतं इथे."

तोच सूर. शब्दसुद्धा तेच. दीर चटका बसल्यासारखा मागे सरला, उंबऱ्याबाहेर जाऊन सॅंडल काढू लागला. त्याने माफीसाठी पाहिलं ते बायकोकडे. वहिनीकडे त्याने पाहिलंही नाही. मागोमाग थोरले आले, त्यांनीही न सांगता उंबऱ्याशी सपाता काढल्या आणि धाकटीकडे बघून मान डोलावली, "बरोबर आहे तिचं."

थोरलीला वाटलं, ओटा हातात आहे, पण काहीतरी आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत, दुसऱ्याच्या हातात गेलं.

"येऊ दे त्यांना," ती कोरडेपणाने म्हणाली. "मीही घालतेच आहे."

धाकटी तिच्याकडे वळली. चेहरा शांत, आवाज गोड.

"तुमचं वेगळं, वहिनी. तुम्ही आजारी आहात."

 कढईतलं तेल तडतडत होतं. थोरलीने गॅस बारीक केला, उलथनं काठावर आपटून झटकलं, आणि जावेच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "आजारी माणसाच्या हातचं जेवायला बसताय ना सगळे? मग हात धुऊन या. तूसुद्धा."

आणि ती ओट्यापुढून तसूभर हलली नाही. धाकटीला मोरीकडे जायला तिच्या मागून, भिंतीला अंग घासून जावं लागलं.